अंबुजाक्कांनी दूध ठेवलं नव्हतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. ह्यांना नाही — आणि आता तर ते नाहीतच. पुण्याच्या मुलीला नाही. रोज सकाळी देवासमोर हात जोडते, पण त्याच्यापुढेही कधी उघड शब्दांत बोलले नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखत असलात, तर जशी ओळखता तशी मी नाही. चेन्नईत, तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या गल्ल्यांमध्ये कुणालाही माझ्याबद्दल विचारा, चांगलंच सांगतील. म्हाताऱ्या माणसांचं फार केलं हो त्यांनी, असं म्हणतील. ते ऐकलं की मी मान खाली घालते, आणि लोकांना तो विनय वाटतो.

कुठून सुरू करू? माझ्यापासून करते, ते सोपं जाईल.

मी मूळची साताऱ्याची. ह्यांची केंद्र सरकारची नोकरी, बदली होऊन चेन्नईला आलो ते चार-दोन वर्षांसाठी म्हणून, आणि इथलेच झालो. मी नुंगंबाक्कममधल्या एका शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाले, मुलगी लग्न होऊन गेली, हे पेपर वाचत बसायचे, आणि मला घरात बसवेना. तेव्हा आमच्या भागात एकेक घर मी नीट बघायला लागले. देवळाच्या तळ्याभोवतीच्या त्या जुन्या गल्ल्या, लांबच लांब बोगद्यासारखी घरं, आणि प्रत्येक तिसऱ्या घरात एकटं म्हातारं माणूस. मुलं कुठे? कुणाची परदेशात, कुणाची याच शहरात, पण शोळिंगनल्लूरकडच्या उंच इमारतींमध्ये — जिथून इथे यायचं तर अर्धा दिवस जातो. या म्हाताऱ्यांना तिकडे जायचं नव्हतं. का जावं? इथे सकाळी देवळाची घंटा ऐकू येते. भाजीवाली नाव घेऊन हाक मारते. डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. संध्याकाळी समुद्रावरून वारा येतो. माणूस जिथे सगळ्यांच्या ओळखीचं आहे, तिथेच त्याला म्हातारं होऊ द्यावं — एवढंच आमचं म्हणणं होतं.

आम्ही पाच-सहा बायका होतो. काम अगदी साधं. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून द्यायचा, निसरड्या फरशीवर रबरी मॅट टाकायची, औषधं आणून द्यायची, आणि रोज सकाळी एकदा डोकावून जायचं. प्रत्येक घराची एक जादा किल्ली आमच्यापैकी कुणाकडे तरी असायची. माझा या कामावर विश्वास होता. आजही आहे. म्हणूनच हे सांगणं जड जातं — मी या कामाशी खोटी असते, तर एवढं काही वाटलं नसतं.

अंबुजाक्का माझ्या वाट्याला आल्या त्या भाषेमुळे. गटातल्या बाकी सगळ्या जणी तमिळ. कुणीतरी म्हणालं, तळ्यामागच्या गल्लीत एक आजी आहेत, त्या तुमचंच काहीतरी बोलतात. मी गेले. त्या तंजावरकडच्या मराठी. त्यांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत आलेले, अक्कांनी स्वतः महाराष्ट्र कधी बघितलेला नव्हता. त्यांची मराठी ऐकून मी आधी गोंधळले. जुन्या पोथीतून उठून आल्यासारखे शब्द, मध्येच तमिळ, आणि हेल तर पूर्ण तमिळ. "येत्यें", "जात्यें", "मज ठाऊक नाहीं". माझी मराठी ऐकून त्या खुदुखुदु हसल्या — म्हणाल्या, तू भांडत्येस की बोलत्येस? मग त्यांनी उडदाच्या पिठाचं डांगर समोर ठेवलं, ताक घालून, हिंगाची फोडणी दिलेलं. ते साताऱ्यात आमच्या घरी व्हायचं. इतक्या वर्षांत चेन्नईत कुणी मला डांगर वाढलं नव्हतं. मी दोनदा घेतलं. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे रोज जायला लागले.

ऐंशी ओलांडलेली बाई, पण काय डोकं होतं! सकाळी अंघोळ, पूजा, मग घराबाहेरच्या ओट्यावर — त्याला इथे तिण्णै म्हणतात — येऊन बसायच्या. येणारा-जाणारा थांबायचा. कुणाला तिथी विचारायची असायची, कुणाला सासूची तक्रार सांगायची असायची. समोरच्या मॅन्शनमध्ये खोल्या भाड्याने घेऊन राहणारी, नोकऱ्या शोधणारी मुलं त्यांना पाटी म्हणायची, म्हणजे आजी, आणि लिंबाच्या लोणच्यासाठी वाटी घेऊन यायची. त्या त्यांची नावं, गावं, कुणाची मुलाखत कधी आहे, सगळं लक्षात ठेवायच्या. एकच उणं होतं. त्यांचं नाक गेलं होतं. वासच येत नसे. त्याचीही त्या थट्टा करायच्या — मला हिंग आणि साबण सारखेच म्हणून.

त्यांचा मुलगा श्रीनिवास, त्याला सगळे चीनू म्हणत, शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. वाईट नव्हता हो तो. वाईट असता तर मला बरं पडलं असतं. दर रविवारी यायचा, आईचे पाय चेपायचा, आणि आईने आपल्याकडे यावं म्हणून विनवायचा. अक्का म्हणायच्या, तिथं चौदाव्या मजल्यावर मी कोणाशी बोलूं? एकदा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, मॅडम, तुम्हीच खरं सांगा, अम्मा इथे एकटी राहू शकेल का? मी म्हणाले, त्यांची काळजी आमच्यावर. मी आहे. तो म्हणाला, ठीक, तुमच्या भरवशावर ठेवतो, पण एकदा जरी जिवावर बेतणारं काही झालं तर मी ऐकणार नाही.

मी आहे, असं मी म्हणाले होते.

आता त्या सकाळकडे येते. यायला नको वाटतं — बघा, किती वेळ इकडचं तिकडचं सांगत राहिले.

नेहमीसारखी मी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. दुधाची पिशवी उंबऱ्याशी पडलेली. मागच्या बाजूला न्हाणीघरात पाण्याचा आवाज येत होता, म्हणजे अक्का अंघोळीला गेलेल्या. मी हाक मारली, पण त्यांना ऐकू गेलं नसावं. पिशवी उचलली, आत गेले, पातेल्यात दूध ओतलं आणि गॅसवर ठेवलं. हे मी अधूनमधून करायचे. त्या अंघोळीहून आल्या की कॉफी तयार, दोघी बसून प्यायचो. कॉफीचा कोरा अर्क, म्हणजे डिकॉक्शन, त्यांनी आधीच पाडून ठेवलेलं असायचं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नुंगंबाक्कममधल्या एका महिला मंडळाच्या बाई होत्या. त्यांना माझं व्याख्यान ठेवायचं होतं. विषय — वृद्धांना त्यांच्या स्वतःच्या घरी कसं सांभाळावं. माझ्यासारखं काम कुणी केलेलं नाही, असं त्या म्हणत होत्या. माझा सत्कारही करायचा होता. आत नीट ऐकू येईना म्हणून मी बाहेर तिण्णैवर आले. बोलत राहिले. गल्लीत रिक्षांचा गोंगाट झाला म्हणून कोपऱ्यापर्यंत गेले. बाई स्तुती करत होत्या, मी नाही नाही म्हणत होते, आणि मला ते ऐकत राहावंसं वाटत होतं. बोलता बोलता मी घराच्या दिशेनेच चालायला लागले. फोन संपला तेव्हा मी आमच्या जिन्यात होते. वर गेले. ह्यांना सांगितलं, माझं व्याख्यान आहे. कपाट उघडून कुठली साडी नेसायची ते बघायला लागले.

दूध माझ्या डोक्यातून पार गेलं होतं.

पुढचं मला अक्कांच्या शेजारच्या विशालाक्षीने सांगितलं. दूध उतू गेलं, त्याने बर्नर विझला, आणि गॅस तसाच सुटत राहिला. अक्का अंघोळ करून आल्या त्या सरळ पूजेला बसल्या. त्यांना वास कळणार कसा? देवापुढचं निरांजन लावायला त्यांनी काड्यांची पेटी हातात घेतलेली. विशालाक्षी गच्चीवर कपडे वाळत घालून खाली येत होती, तिला जिन्यातच वास आला. ती ओरडत धावत आली, अक्कांच्या हातातली पेटी हिसकावून घेतली, शेगडीचं बटण बंद केलं, दारं-खिडक्या उघडल्या. काडी अजून ओढलेली नव्हती. एवढंच. काडी ओढली गेली नव्हती, म्हणून मी आज तुम्हाला एका चुकीबद्दल सांगतेय, मृत्यूबद्दल नाही. नाही — हेही तितकं खरं नाही. पुढे कळेल.

मला विशालाक्षीचा फोन आला. ती म्हणाली, आजींनी दूध ठेवलं आणि विसरल्या, मोठा अनर्थ टळला. हे ऐकलं त्या क्षणी माझा हात मला दिसला. बटण फिरवणारा. लायटर दाबणारा. मला सगळं लख्ख आठवलं. मला आठवलं नाही, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

मी धावत गेले. गल्लीत माणसं जमली होती, मॅन्शनमधली मुलं होती. चीनूला कुणीतरी फोन केला होता, तो निघाला होता. अक्का तिण्णैवर बसल्या होत्या, केस ओले, चेहरा पांढरा पडलेला. मला बघितल्याबरोबर त्यांना धीर आल्यासारखं झालं. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं —

"तूं ठेविलंस काय गे दूध?"

संशय नव्हता हो त्या विचारण्यात. मी अधूनमधून ठेवते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं असतं, तर काय झालं असतं? सगळे माझ्याकडे बघत होते. विशालाक्षी, मुलं, आमच्या गटातल्या दोघी. चीनू यायचा होता. मी आहे असं मी ज्याला सांगितलं होतं, तो. आणि व्याख्यान. खरं सांगते, त्या वेळी मला व्याख्यानही आठवलं.

मी म्हणाले, "नाही अक्का. मी बाहेर फोनवर बोलत होते, आत आलेच नाही."

फुलवाली कोपऱ्यावरून म्हणाली, हो, मी बघितलं यांना फोनवर बोलताना. म्हणजे साक्षही मिळाली.

अक्कांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला दिसत होतं. त्या आठवत होत्या. दार, पिशवी, पातेलं — त्या आपल्या डोक्यात शोधत होत्या, आणि त्यांना काही सापडत नव्हतं, कारण तिथे काही नव्हतंच. मग त्या हळूच म्हणाल्या, "मज कांहीं आठवत नाहीं. पण मग मींच ठेविलं असेल. तूं खोटं कशास सांगशील?"

मी आतून पंचा आणला आणि त्यांचे ओले केस पुसून दिले.

तुम्हाला वाटेल, चीनूने ओढून नेलं असेल आईला. तसं झालं नाही. तो आला, आधी घाबरला, मग रडला, मग आमच्याशी शांतपणे बोलायला बसला. आपणच गेल्या वर्षी विजेची शेगडी घेऊन द्यायला हवी होती, असं म्हणाला. सकाळी एक बाई ठेवू, गॅस काढून टाकू, आईची इच्छा असेल तर इथेच राहू दे. तो राहू देत होता. त्याने घातलेली अट तो स्वतःच विसरायला तयार झाला होता. अक्काच म्हणाल्या, मला घेऊन चल. आज दूध विसरले, उद्या काय विसरेन मला ठाऊक नाही. माझ्यामुळे विशालाक्षीचं घर जळालं असतं, तिथे तिची नातवंडं आहेत. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही.

ती बाई, जिला मॅन्शनमधल्या प्रत्येक मुलाच्या मुलाखतीची तारीख पाठ असायची.

जायच्या आधीचे काही दिवस मी बघितले. त्या नळ बंद केला की परत जाऊन बघायच्या. कुलूप ओढून बघायच्या, चार पावलं जाऊन मागे यायच्या. गोळ्या घेतल्या का म्हणून मला विचारायच्या, मी हो म्हटलं की हाताचा तळवा उघडून बघायच्या. ओट्यावर बसायच्या, पण कुणी तिथी विचारली तर म्हणायच्या, पंचांगात बघ बाबा, माझ्यावर विसंबू नको. मी रोज जात होते. रोज ठरवून जात होते, आज सांगेन. रोज त्यांची भांडी बांधायला मदत करून परत येत होते.

मग त्या गेल्या. चीनूने गाडी आणली होती. गल्ली सगळी बाहेर आली होती. त्या कुणाकडे बघत नव्हत्या, खाली मान घालून बसल्या होत्या — जशी एखादी गुन्हेगार बसेल.

काही आठवड्यांनी चीनूचा फोन आला. त्याने अक्कांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं, स्मरणशक्तीच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. डॉक्टरांचं म्हणणं, काही बिघडलेलं नाही, या वयात एवढी तल्लख बुद्धी क्वचितच दिसते. चीनू गोंधळला होता. म्हणत होता, पण आई मानतच नाही, डॉक्टरला काय कळतं, मी दूध विसरले होते, असं म्हणते. स्वयंपाकघरात पाऊल ठेवत नाही. तुम्ही तिला समजवाल का? ती तुमचं ऐकते.

दार पुन्हा उघडलं होतं, नाही का? आता गर्दी नव्हती, ओट्यावर कुणी बघत नव्हतं, फोनवर फक्त तो आणि मी. एक वाक्य बोलायचं होतं. दूध मी ठेवलं होतं. एवढं बोलले असते तर त्या दुसऱ्या दिवशी घरी परत आल्या असत्या. घर तसंच बंद होतं, देव आणि थोडी भांडी तेवढी नेली होती. मी म्हणाले — काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, वेळ द्या त्यांना, नव्या जागेची सवय होईल.

व्याख्यानही मी दिलं. हेही सांगते, आता लपवून काय करू. छान साडी नेसून गेले. आणि तिथे मी अक्कांची गोष्ट सांगितली. नाव न घेता. आमच्याकडच्या एक आजी, वासाची जाणीव गेलेली, गॅसवर दूध ठेवून विसरल्या. म्हणून अशा प्रत्येक घरात गॅस गळला तर भोंगा वाजेल असं यंत्र बसवायला हवं. बायका हळहळल्या. टाळ्या वाजल्या. त्यानंतर आमच्या सगळ्या घरांत ती यंत्रं बसली, आणि एका घरात खरोखरच एका आजोबांचा जीव त्यामुळे वाचला. लोक मला ते सांगतात. मी ऐकते.

शोळिंगनल्लूरला मी जायचे. आधी वरचेवर, मग सणावारी. बस बदलत जायचं, मग ती काचेची ऑफिसं, मग ते भलं मोठं फाटक, नाव विचारणारा रखवालदार. घर सुंदर होतं. अक्कांची खोली हवेशीर, खिडकीतून लांबवर पाणी दिसायचं. सून तमिळ, प्रेमळ, पण दिवसभर नोकरीवर. नातू इंग्रजीत बोलायचा, थोडं तमिळ. मराठी बोलायला कुणी नाही. चीनूसुद्धा आईशी तमिळमध्येच बोलायचा. त्याला मराठी कळायची, पण जिभेवर येत नसे. मी गेले की अक्का सुरुवातीसुरुवातीला भरभरून बोलायच्या. विशालाक्षी कशी आहे, मॅन्शनमधल्या अमक्याला नोकरी लागली का. मग प्रश्न कमी झाले. मग वाक्यं कमी झाली. एकदा त्या म्हणाल्या, मी बोलतें तें बरोबर आहे की नाहीं, मजच कळत नाहीं, म्हणून बोलत नाहीं. स्वयंपाकघरात त्या कधीच गेल्या नाहीत. पाणी हवं असलं तरी कुणी घरी यायची वाट बघायच्या.

डॉक्टरांनी तल्लख म्हटलेली ती बुद्धी — तिचं काय झालं? वापरायचीच बंद केली तर काय होणार? दोन-तीन वर्षांत त्या खरोखरच विसरायला लागल्या. आधी नावं, मग दिवस, मग जेवण झालं का ते. चीनू मला म्हणाला, बघा, तिला आधीच कळलं होतं, आम्हीच मानत नव्हतो. मी म्हणाले, हो.

हे गेले त्या वर्षी मला एकाएकी वाटलं, आता सांगावं. कुणाला म्हणून नाही, त्यांनाच. मी गेले. दुपार होती, घरात कामाची बाई तेवढी होती. अक्का खिडकीशी बसल्या होत्या, अगदी लहान झालेल्या. त्यांनी मला ओळखलं की नाही, ठाऊक नाही, पण मराठी ऐकून त्यांचा चेहरा सैल झाला. मी त्यांच्या पायाशी बसले. सांगितलं. सगळं सांगितलं — तुम्ही अंघोळीला होतात, दूध मी ठेवलं, फोन आला, मी विसरून गेले, तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. तुम्ही काही विसरला नव्हतात अक्का. तुम्ही तेव्हा काहीच विसरला नव्हतात.

त्या ऐकत होत्या. नीट ऐकत होत्या. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, केसांतून फिरवला. माझे केस तोवर पांढरे झाले होते. त्यांना फार वाईट वाटलेलं दिसलं, पण ते माझ्यासाठी. त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं, वाकल्या, आणि माझ्या कानाशी कुजबुजल्या —

"होतं गे तसं. वय झालं म्हणजे होतं. पण कोणास सांगूं नको हं. सांगितलंस तर घरांतून उठवितील."

त्यांना वाटलं, मी विसरायला लागलेय. मला घरातून नेतील, म्हणून त्या मला जपत होत्या.

समजावून काय होणार होतं? मी मान हलवली. त्यांनी माझा हात सोडला नाही, कामाची बाई चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा म्हणून. परतताना बसमध्ये मला हलकं वाटलं. सांगून टाकलं ना, असं वाटलं. ते हलकं वाटणं आठवलं की मला माझी किळस येते.

अक्का मार्गळी या तमिळ महिन्यात गेल्या, पहाटे देवळांतून भजनं चालू असतात त्या दिवसांत. शोळिंगनल्लूरच्या त्या चौदाव्या मजल्यावर भजनं ऐकू जात नसणार. चीनूने मला फोन केला तो तमिळमध्ये. तळ्यामागचं घर त्याने त्याआधीच विकलं होतं. तिथे आता चार मजली इमारत उभी आहे, खाली मोबाइलचं दुकान आहे, ओटा नाही.

तेराव्याला मी गेले. त्यांचे तंजावरकडचे बरेच नातेवाईक आले होते, म्हातारे-म्हाताऱ्या, त्याच जुन्या मराठीत बोलणारे. अक्का असत्या तर किती बोलल्या असत्या. चीनूने मला पुढे बोलावलं आणि सगळ्यांना माझी ओळख करून दिली. त्या दिवशी त्याने मुद्दाम मराठी वापरली, अडखळत, शब्द शोधत. ह्या साताऱ्याच्या, तिरुवल्लिकेणीत अम्माला ह्यांनीच सांभाळलं, शेवटपर्यंत भेटायला येत राहिल्या, सख्ख्या माणसानेही एवढं केलं नसतं. एक थरथरणाऱ्या मानेची बाई उठून आली आणि तिने माझे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले.

मी सगळ्यांना नमस्कार केला. मग केळीची पानं मांडली, मला मानाने पहिल्या पंक्तीत बसवलं. भात वाढला, सांबार वाढलं. मी जेवले. पायसम दुसऱ्यांदा वाढायला आले, तेव्हा मी नको म्हटलं नाही.